पाना कोणाच्या हाती?

(तालुक्याच्या गावी भरलेल्या युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या संयोजकांनी मला ‘दैनंदिन प्रश्न आणि स्वावलंबन’ असा विषय दिला आहे. विषय साळसूद आहे, आणि अशा विषयावर वाईट भाषण करणे फार सोपे असते. मी पस्तीस वर्षे प्राथमिक शिक्षक होतो. शाळेच्या फळ्यावर स्वावलंबनाचे सुविचार रंगीत खडूने मी स्वतः लिहिले आहेत, मुलांकडून ते वळणदार अक्षरात उतरवूनही घेतले आहेत. त्यांतल्या एकाही सुविचाराने कोणाच्या सायकलचे पंक्चर निघाल्याचे मला आठवत नाही. तेव्हा आज सुविचार बाजूला ठेवून मी एकाच वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे हापसा. सरकारी कागदावरचा हातपंप. तुमच्यापैकी बहुतेकांच्या गावी तो अजून उभा असेल, काही ठिकाणी नुसता सांगाडा उरला असेल.

1986 च्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका लहान गावी नोकरीला होतो. गावात दोन विहिरी. एक आटलेली, दुसरीच्या तळाशी चिखल. शाळेमागच्या विंधन विहिरीवरचा हापसा हाच काय तो आधार. चैत्राच्या अखेरीस तो बंद पडला. गावकरी माझ्याकडे आले, कारण गुरुजीला लिहिता येते. मी तालुक्याच्या कार्यालयाला अर्ज लिहिला. अर्ज चांगला होता. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ पासून ‘कळावे’ पर्यंत त्यात काहीही उणे नव्हते. आठ दिवसांनी स्मरणपत्र लिहिले, तेही चांगले होते. तिसरा अर्ज लिहिला, त्यावर सत्तावीस अंगठे आणि अकरा सह्या घेतल्या. त्या अवधीत गावातल्या बाया दीड कोसावरच्या मळ्यातून पाणी आणत होत्या आणि मुली शाळेतून कमी होत होत्या. माझ्या हजेरीपटावर मुलींच्या नावांपुढे ओळीने गैरहजेरी लागत होती, आणि त्याच टेबलावर बसून मी अर्जाची नक्कल काढीत होतो. एका म्हातारीने मला विचारले, “गुरुजी, कागदानं पाणी येतं का?” मला राग आला. आज वाटते, तिने टोमणा मारलाच नव्हता. तिला खरोखरच माहिती हवी होती.

तेविसाव्या दिवशी यांत्रिकी आला, सोबत दोन मदतनीस. तिवई उभी केली, नळ एकेक करून वर काढला, आणि अखेरीस सिलिंडर उघडून त्यातून चामड्याची झिजलेली दोन चकत्यांची जोडी माझ्या हातावर ठेवली. गावोगावी तिला ‘बकेट वॉशर’ म्हणतात. तळहातावर मावणारी वस्तू. किंमत काही रुपये. सारे काम सकाळी सुरू होऊन दुपारच्या भाकरीपर्यंत संपले. तेवीस दिवस आणि पाच तास, हे प्रमाण माझ्या डोक्यातून आजवर गेलेले नाही.

त्या यांत्रिकाला दोष देणे सोपे होते आणि गावाने तो यथेच्छ दिला. पण जेवताना त्याच्याशी बोललो तेव्हा कळले की त्याच्याकडे शंभरावर हापसे होते, जीप तीन दिवसांआड मिळे, आणि वॉशर संपले की जिल्ह्याहून येईपर्यंत थांबावे लागे. आमचा अर्ज त्याच्यापर्यंत पोहोचला होता. त्यात ‘पंप नादुरुस्त आहे’ एवढेच लिहिलेले असल्यामुळे कोणते सामान न्यायचे हे त्याला कळले नव्हते. माझ्या तीन सुबक अर्जांत उपयोगाचा एकही शब्द नव्हता, ही गोष्ट त्याने मोठ्या अदबीने मला सांगितली.

इथे थोडे मागे गेले पाहिजे, कारण हा हापसा आपल्याकडे कसा आला हे ठाऊक नसेल तर पुढचे बोलणे कळणार नाही. साठच्या दशकाच्या अखेरीपासून, आणि विशेषतः 1972 च्या दुष्काळात, दख्खनच्या काळ्या खडकात विंधन विहिरी खोदण्याची मोठी मोहीम झाली. युनिसेफने खडक फोडणारी यंत्रे पुरवली. विहिरी झाल्या, त्यांवर बिडाचे पंप बसले. हे पंप युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांच्या पंपांच्या नकला होत्या. एका कुटुंबाने दिवसातून काही वेळा वापरावेत असे ते यंत्र, आणि आपल्याकडे त्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्ख्या गावाची रांग! सांधे मोडले, दांडे तुटले. 1974 च्या सुमारास युनिसेफने पाहणी केली तेव्हा बसवलेल्या पंपांपैकी चारांतले तीन बंद असल्याचे आढळले. खडक फोडण्याचा पराक्रम झाला आणि पाणी मात्र खडकातच राहिले.

यातून वाट निघाली ती आपल्याच मराठी मुलुखात, ही गोष्ट आपण विसरलो आहोत. जालना आणि सोलापूर भागात मिशनच्या पाणीकामाशी संबंधित मंडळींनी पोलादी, एकाच आसावर हलणारा, साखळीने दांडा ओढणारा पंप तयार केला होता. साधी कार्यशाळा, समोर मोडलेले पंप आणि डोके, एवढ्या भांडवलावर झालेले हे काम. सोलापूरच्या त्या पंपावरून पुढे युनिसेफ, सरकारी संशोधन संस्था आणि मद्रासचा रिचर्डसन अँड क्रुडास हा सरकारी मालकीचा कारखाना यांनी मिळून ‘इंडिया मार्क टू’ सिद्ध केला. 1977-78 च्या सुमारास त्याचे उत्पादन सुरू झाले, 1979 मध्ये त्याचे भारतीय मानक ठरले. त्यावर कोणी एकस्व घेतले नाही. ज्याला बनवायचा त्याने मानकाप्रमाणे बनवावा, अशी ती सर्वांची वस्तू राहिली. पुढे आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत तो गेला. आपल्या देशातल्या सार्वजनिक उद्योगाविषयी आजकाल जे बोलले जाते ते ऐकताना मला हा निळसर-करडा पंप आठवतो.

पण या उत्तम यंत्रात एक गोष्ट होती. ते मजबूत होते, आणि त्याच्या दुरुस्तीची कल्पना तालुक्याहून येणाऱ्या पथकाला धरून केलेली होती. जमिनीवरचा भाग कोणालाही उघडता येतो. साखळीला ग्रीस लावणे, ढिले बोल्ट आवळणे, हे शाळकरी पोर करील. परंतु झिजणारी वस्तू, म्हणजे वॉशर, ती असते तळाच्या सिलिंडरमध्ये. आणि तिथे पोहोचायचे तर तीन-तीन मीटरचे सगळे नळ बाहेर काढावे लागतात. शंभर फुटांवर सिलिंडर असेल तर दहा नळ, आत दहा सळया, वर नळातले पाणी. सगळे मिळून दीडशे किलोच्या आसपास वजन. त्यासाठी खास पाने, खास पकडी. तामिळनाडूत जी त्रिस्तरीय व्यवस्था बसवली गेली ती यातूनच: गावात एक राखणदार, गटपातळीवर एक यांत्रिकी, जिल्ह्याला फिरते पथक. व्यवस्था वाईट नव्हती. तरीही यंत्र कसे बनवायचे हे ठरवताना पाना कोणाच्या हाती राहील हेही ठरून जाते. अभियंत्याच्या आराखड्यात हे कुठे लिहिलेले नसते, पण ते तिथे असते.

आता माझ्या फजितीकडे येतो. यांत्रिकाचे काम पाहून मी आणि गावातल्या चार तरुणांनी ठरवले की पुढच्या वेळी अर्ज करायचा नाही. आपण शिकायचे. त्याने आम्हांला दाखवलेही. वही घेऊन मी प्रत्येक भागाची आकृती काढली. पुढच्या वर्षी पंप पुन्हा अडला तेव्हा आम्ही मोठ्या उत्साहात कामाला लागलो. नळ पकडून ठेवणारी खास पकड आमच्याकडे नव्हती. दोन पाईपपाने आणि नाडा एवढ्यावर भागेल असे मीच म्हणालो, कारण मी आकृती काढली होती! चौथा नळ सोडवताना पाना निसटला आणि उरलेली सगळी माळ, सिलिंडरसकट, आमच्या डोळ्यांदेखत आत गेली. तो आवाज मला आजही ऐकू येतो. विहिरीभोवती उभ्या असलेल्या बायांपैकी कोणी काही बोलले नाही. घागरी उचलून त्या मळ्याच्या वाटेला लागल्या.

जिल्ह्याहून पथक आले, आत पडलेले नळ गळ टाकून काढले; त्यात आणखी दहा दिवस गेले. एक अधिकारी मला म्हणाले, “गुरुजी, म्हणून सांगतो, ज्याचं काम त्यानं करावं.” मी मान खाली घातली. रात्री मात्र झोप लागेना. त्यांचे म्हणणे निम्मे खरे होते. हौसेने यंत्र दुरुस्त होत नाही. शिकलेला हात लागतो आणि नेमके हत्यार लागते. ‘लोकांनी स्वतः करावे’ असे व्यासपीठावरून सांगणारे आपण लोक हत्यार द्यायचे सोयीस्करपणे विसरतो. पण उरलेले निम्मे खोटे होते. ते काम कोणाचे, हे कोणी ठरवले? ज्यांच्या डोक्यावर घागर होती त्यांना तर कोणी विचारलेच नव्हते.

आणि खरे सांगायचे तर मीही विचारले नव्हते. आम्ही शिकायला निघालो ते पाचही पुरुष होतो. हापशावर दिवसातून दहा वेळा उभ्या राहणाऱ्या बाया आमच्या शिक्षणाच्या वेळी लांबून पाहत होत्या. पुढे केव्हातरी एका बाईने सहज सांगितले, “पडायच्या आधी महिनाभर तो इशारा देत होता. आधी चार हेलकाव्यांत पाणी यायचं, मग दहा, मग वीस.” मी यांत्रिकाला हे विचारले. तो म्हणाला, “बरोबर आहे. खालची झडप गळायला लागली की रात्रीत नळातलं पाणी उतरतं. पाणी लवकर येतं पण धार बारीक पडते, तेव्हा वॉशर झिजलेलं. दांडा एकदम हलका लागला तर सळई सुटली किंवा साखळी तुटली.” म्हणजे रोगाची अचूक लक्षणे त्या बाईला ठाऊक होती. तिच्या ज्ञानाला फक्त नाव नव्हते, आणि माझ्याकडे नुसती नावे होती.

आम्ही दुसऱ्यांदा शिकलो ते तिला आणि आणखी तिघींना घेऊन. त्यासाठी पकडींचा संच लागणार होता, तो मिळवायला सात महिने आणि बरीच बाचाबाची लागली. ‘बायकांना हे वजन पेलेल का’ असे विचारणारे तेच पुरुष होते, ज्यांनी त्यांना दीड कोसावरून दोन-दोन घागरी आणताना वर्षानुवर्षे पाहिले होते.

आमचे गाव काही जगावेगळे नव्हते. राजस्थानात अजमेर जिल्ह्यातल्या तिलोनियाच्या संस्थेने सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासूनच गावातल्या तरुणांना हातपंपाचे मिस्त्री बनवून दाखवले होते. पण मला अधिक मोलाचा वाटतो तो उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्याचा अनुभव. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ‘महिला समाख्या’ या सरकारी कार्यक्रमातून तिथल्या निरक्षर, बहुसंख्य दलित आणि कोल आदिवासी स्त्रियांना हातपंप दुरुस्तीचे शिक्षण दिले गेले. काही गावांत ज्यांच्या स्पर्शाने पाणी बाटते असे मानले जाई, त्याच स्त्रिया पाने घेऊन पंप उघडू लागल्या. आणि मग त्यांनी स्वतःच मागणी केली, आम्हांला लिहा-वाचायला शिकवा. सामानाची नोंद ठेवायची आहे, अहवाल द्यायचा आहे. साक्षरतेच्या वर्गाला लोक येत नाहीत म्हणून हळहळणाऱ्या आम्हां शिक्षकांनी यावर विचार करायला हवा. त्या स्त्रियांतून पुढे ‘महिला डाकिया’ नावाचे पत्रक निघाले, आणि 2002 साली शेजारच्या चित्रकूटमधून ‘खबर लहरिया’ हे ग्रामीण स्त्रियांनी चालवलेले वृत्तपत्र त्याच परंपरेत उभे राहिले. सुरुवात झाली होती चामड्याच्या चकतीपासून.

पाणवठ्याचा आणि जातीचा संबंध महाराष्ट्राला मी सांगायला नको. 1927 चा महाडचा सत्याग्रह, सत्तरच्या दशकातली बाबा आढावांची ‘एक गाव एक पाणवठा’ मोहीम, या गोष्टी तुम्हांला माहीत आहेत. पाण्याला हात लावण्याचा हक्क मागण्यापासून पाण्याच्या यंत्राला हात घालण्यापर्यंतचा रस्ता बराच लांब आहे, एवढेच इथे नोंदवतो.

आता या विषयातला सगळ्यांत अवघड भाग. तुमच्यातला एखादा चलाख तरुण मनात म्हणत असेल, गुरुजी, तुम्ही सरकारचेच काम सोपे करता आहात. लोकांनी पंप दुरुस्त करावेत, लोकांनी शाळा रंगवावी, लोकांनी रस्ता बुजवावा. मग सरकारने काय करावे? ही शंका रास्त आहे. ‘लोकसहभाग’ हा शब्द गेल्या काही दशकांत इतक्या सफाईने वापरला गेला आहे की त्यातून जबाबदारी कधी गळून पडली हे कळतही नाही. आमच्याही गावाला तो अनुभव आला. आमचा गट पंप दुरुस्त करू लागल्यावर दोनच वर्षांत कार्यालयाने सुटे भाग देणे थांबवले. उत्तर आले, ‘आपले गाव या बाबतीत स्वयंपूर्ण आहे.’ स्वयंपूर्ण! चामडे काय आमच्या शाळेत पिकत होते?

पण यापुढची हकीकत ऐका. ग्रामसभेत त्या चौघींपैकी एक उभी राहिली. तिने मागितले ते असे: बकेट वॉशर चार, साखळी एक, बेअरिंग दोन, सळई जोडण्याचे कपलिंग तीन, वर्षाला एवढे झिजते, आमच्या वहीत नोंद आहे, आमच्याकडून वर्गणी घेता, तर हे सामान द्या. ते मागणे ठरावात जसेच्या तसे गेले. ‘पंप नादुरुस्त आहे, तरी कृपया’ या माझ्या अर्जाला तेवीस दिवस उत्तर नव्हते. या ठरावाला मात्र टाळाटाळ करणे जड गेले, कारण काय मागितले आहे आणि ते किती रुपयांचे आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. सामान आले. पूर्ण आले नाही, पण आले. यंत्र ज्याला कळते त्याला फसवता येत नाही. मुंबईत मृणाल गोरे यांना लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणत, ते त्यांनी पाण्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरून लढे दिले म्हणून. मोर्चा आणि पाना यांत निवड करायची आहे, असे कोणी सांगत असेल तर त्याने दोन्हींपैकी एकही हाती धरलेला नाही.

सरकारनेही शिकले पाहिजे, आणि कधी कधी ते शिकतेही. ऐंशीच्या दशकात कोइंबतूर परिसरात पंपांच्या दीर्घ चाचण्या झाल्या आणि त्यातून ‘मार्क थ्री’ निघाला. 1991 मध्ये त्याचेही मानक झाले. त्याचा उभा नळ रुंद आहे, सुमारे अडीच इंची. त्यामुळे नळ जागेवर ठेवून नुसत्या सळया ओढल्या की दट्ट्या आणि झडप दोन्ही वर येतात. जे काम पूर्वी पथकाचे होते ते गावातली दोन-तीन माणसे तास-दोन तासांत करू शकतात. रुंद नळ महाग आणि जड, फार खोल विहिरीला तो परवडत नाही, ही अडचणही आहे. म्हणून ‘मार्क टू’च अधिक राहिला. पण ‘दुरुस्त कोण करणार’ हा प्रश्न आधी विचारला की यंत्राचा आकार बदलतो, हे त्या नळाने सिद्ध केले. आज 2019 पासूनच्या जलजीवन मिशनमुळे घरोघरी नळ आले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र टाकीवरची मोटार जळाली की तुमच्या गावात काय होते, ते तुम्हीच आठवून पाहा. पूर्वी अर्ज लिहीत, आता मोबाइलवर तक्रार नोंदवतात. मजकूर तोच असतो: बंद आहे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी स्वावलंबी शिक्षणाचा आग्रह धरला, मुले शेतात राबली, त्याचबरोबर शिक्षणासाठी समाजाकडून आणि सरकारकडून मागून घेण्यात त्यांनी कधी संकोच केला नाही. त्यांच्या ‘कमवा आणि शिका’ मधला ‘शिका’ हा शब्द आपण सोडून दिला आणि गरिबाला ‘कमवा’ एवढेच सांगू लागलो. पण हा विषय वेगळा आहे, त्यात शिरलो तर रात्र होईल.

तुमच्या या शिबिराच्या आवारात, स्वयंपाकघराच्या मागे, एक हापसा आहे. काल आल्यावर मी तो हलवून पाहिला. पाणी अठराव्या हेलकाव्याला आले. म्हणजे बहुधा खालची झडप. संयोजकांना विचारले, तर ते म्हणाले, कळवले आहे. मी पकडी आणि पाने जीपमधून आणले आहेत, रबरी वॉशरची जोडी आणि झडपेची चकतीही आहे. उद्या सकाळी साडेसहाला तिथे जमू. स्वयंपाकाची व्यवस्था पाहणाऱ्या दोन्ही ताईंना मी आत्ताच निमंत्रण दिले आहे, तेव्हा उद्याचे पोहे मुलांनी करावेत. येताना जुने कपडे घाला. ग्रीसचे डाग निघत नाहीत.